पाटीची मागची बाजू

जव्हार,
रविवार, १३ जुलै २०२५

चि. अवंती हिला आजीचे पोटभर आशीर्वाद.

पत्रात 'अनेक आशीर्वाद' लिहायचं असतं असं नाजिश म्हणाली. पण अनेक म्हणजे किती ते कळत नाही, पोटभर म्हटलं की कळतं.

हे मी माझ्या हाताने लिहिते आहे बरं का. फोनवर सांगितलं तेव्हा तुला थट्टा वाटली. मार्चात आम्हा म्हाताऱ्यांची साक्षरतेची परीक्षा झाली, तिचा कागद आला. त्यावर 'उत्तीर्ण' असं छापलंय. तो शब्द मला वाचता आला नाही, तरी मी उत्तीर्ण. तुझे बाबा म्हणाले, आई, आता कलेक्टर हो. म्हटलं, होते, गुडघे तेवढे बरे होऊ देत.

माझं नाव लिहायला मात्र सगळ्यात उशिरा आलं. तुझे आजोबा दामोदरपंत, त्यांना हौस मोठी. लग्नात ताटातल्या तांदळात बोटाने 'विद्युल्लता' लिहिलं. जिला सही येत नाही तिच्या नावात दोन जोडाक्षरं. वर्गातल्या बाकीच्या बायकांची नावं मिनिटात लिहून झाली, माझं चार दिवस चाललं होतं.

अजूनही जोडाक्षर आलं की मी खिडकीतून नाजिशला हाक मारते. आपल्या शेजारच्या इदरीसची मुलगी, नववीत आहे. हे पत्रही तीच तपासणार, लाल पेनाने. इदरीस रोज जीप मोखाड्याला नेतो. तुझ्या पाड्याला रेंज नाही तर नाही, तो फाट्यावरच्या चहाच्या टपरीत पत्र ठेवत जाईल. तूही तिथेच ठेव. फोनपेक्षा हे बरं, फोनवर मी बोलते आणि तू 'हं हं' करतेस.

आता खरी गंमत ऐक. तुला भोकरपाड्याची शाळा मिळाली हे कळल्यापासून मी हसते आहे. अगं, ती माझी शाळा. माझ्या वडिलांचं तिथे मीठ-मिरचीचं दुकान होतं, दुसरीपर्यंत मी तिथे शिकले. तेव्हा शाळेला कुडाच्या भिंती होत्या. शेजारी बसायची पोशी, पाड्यावरची. आम्हा दोघींत पाटी एकच. पुढची बाजू गुरुजींची, मागची आमची. मला नुसती मोकळी अक्षरं यायची. काना, मात्रा, वेलांटी काही केल्या डोक्यात शिरत नसे. पोशीचं उलटं. तिला अक्षरांचा कंटाळा, पण काना-मात्रा अशा घालायची की बघत राहावं. मग मी मोकळी अक्षरं मांडायची आणि ती त्यांना वरखाली सगळं लेवायला घालायची. दोघी मिळून एक शब्द. गुरुजी म्हणायचे, तुम्हा दोघींची मिळून एकच मुलगी पास होईल.

पुढे पोशी मामाकडे साखरशेतला गेली. माझंही मन लागेना, मग वडिलांनी जव्हारला दुकान टाकलं. संपली शाळा.

यंदा मात्र नवल झालं. साठ वर्षं न आलेल्या काना-मात्रा मला एका आठवड्यात आल्या. बाई विचारत होत्या, आजी, घरी कोण घोटून घेतं? म्हटलं, कोणी नाही हो, हात आपोआप वर जातो.

जेवत जा. ओढ्याच्या वाटेने जाऊ नकोस, शेवाळ फार असतं तिथे.

तुझी आजी
विद्युल्लता (तिसऱ्या खेपेला जमलं)


भोकरपाडा,
रविवार, २७ जुलै २०२५

प्रिय आजी,

टपरीवाल्याने तुझं पत्र मला देण्याआधी सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवलं. म्हणाला, बाई, तुमची आजी लई मोकळं लिहिते. म्हणजे त्याने वाचलंय.

तू इथे शिकलीस हे तू आजवर बोलली नव्हतीस. शाळा आता सिमेंटची आहे, दोन खोल्या, एकोणीस मुलं. आमच्या सरांचे अर्धे दिवस मोखाड्याच्या बैठकांत जातात, म्हणून बहुतेक वेळ मी एकटीच.

त्या एकोणिसांतल्या एकीबद्दल तुला सांगायचं आहे. नाव धाकली, दुसरीत आहे. वर्गात एक शब्द बोलत नाही. हजेरी घेताना तिचं नाव आलं की बाकीची पोरंच ओरडतात, 'हाय, हाय, बसलीय!' मला वाटलं, हिला शाळेतली मराठी कळत नसेल, घरची बोली वेगळी. मग एकदा शाळा सुटल्यावर तिच्या मागून गेले. आजी, ती बाहेर नुसती वाहत असते. शेळ्यांशी बोलते, प्रत्येक शेळीशी वेगळ्या आवाजात. दगड उचलायच्या आधी सांगते, खाली खेकडा आहे की नाही, आणि किती आहेत. एका पक्ष्याला तिने अशी हाक मारली की तो दोनदा उलट बोलला. आणि हीच मुलगी वर्गाचा उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप.

तिच्या आणखी दोन खोडी आहेत. बस्करपट्टीवर ती आपल्या डाव्या हाताला एका माणसाची जागा सोडून बसते. तिथे कोणाला बसू देत नाही. आणि पाटीवर लिहिते ते मागच्या बाजूला. तुझं पत्र वाचताना म्हणूनच मला हसू आलं. आडवी रेघ ओढते आणि तिला नुसता काना, मग मोकळी जागा, मग वेलांटी. अक्षरं नाहीतच. दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं दिसतं. रोज तेच. मी विचार करून करून उलगडा केला: धाकली! ध-ला काना, क मोकळा, ल-ला वेलांटी. ती स्वतःचं नाव लिहिते आहे, फक्त अक्षरं गाळून.

मला आनंद व्हायला हवा, पण वेळ कमी आहे. तिचे वडील कमलेश दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. यंदा तिला नेणार म्हणतात. 'बाई, ही इथं मुकी बसती. तिथं निदान बारक्याला तरी सांभाळंल.' मी हट्ट धरला तेव्हा म्हणाले, दिवाळीपर्यंत हिने माझ्यासमोर स्वतःचं नाव लिहून वाचून दाखवलं तर ठेवीन तिच्या आजीजवळ. नाही तर गाडीत बसवीन. एकदा भट्टीवर गेलेली मुलगी परत वर्गात बसलेली मी अजून पाहिली नाही.

तुम्ही दोघी तो खेळ कसा खेळायचात ते नीट सांग.

तुझी
अवंती


जव्हार,
रविवार, १० ऑगस्ट २०२५

चि. अवंतीस पोटभर आशीर्वाद, आणि धाकलीला मूठभर.

तुझं पत्र मी स्वतः वाचलं. नाजिशला फक्त 'बस्करपट्टी' विचारलं. वाचून इतका आनंद झाला की चहात दोनदा साखर घातली आणि तसाच प्याले. डॉक्टरांना सांगू नकोस.

अगं, ती पोर शहाणी आहे. अक्षरं म्हणजे नुसती हाडं, काना-मात्रा म्हणजे बोलणं. पोशी म्हणायची, 'तुझी अक्षरं मेलेली, मी फुंकर घालते तेव्हा उठतात.' सात वर्षांची पोर काय बोलायची बघ. खेळ असा: मी डावीकडे, ती उजवीकडे. मी रेघेखाली अक्षर मांडायची, ती घालायची. कधी कधी मी अक्षर काढायच्या आधीच ती वेलांटी घालून मोकळी, आणि मला तिच्या वेलांटीत बसेल असं अक्षर शोधावं लागे. तेव्हा ती खदखदून हसायची. समोरचे दोन दात पडलेले होते.

तर तू तिच्या डाव्या हाताला जाऊन बस. ती जागा तिने अक्षरं घालणारीसाठीच ठेवली असेल. रेघेखाली ध, क, ल लिही. आपोआप जमेल.

इथे शिरपामाळावर फिरायला बाहेरचे लोक फार येतात आता. इदरीसच्या जीपला श्वास घ्यायला उसंत नाही, तरी तो म्हणतो, 'आजी, पहिलं तुमचं पत्र, मग सवारी.' त्याला लाडू दिले चार.

एक विचारायचं राहिलं. तिची पाटी कसली आहे? हल्ली प्लास्टिकच्या असतात ना. आमची दगडाची होती, लाकडी चौकटीची. वरचा उजवा कोपरा फुटका, आणि चौकटीला भोक पाडून त्यात पुसायचं फडकं बांधलेलं. सहज आठवलं म्हणून विचारते.

तुझी आजी
विद्युल्लता (दुसऱ्या खेपेला)


भोकरपाडा,
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

प्रिय आजी,

तू सांगितलंस तसं केलं. तिच्या डावीकडे जाऊन बसले. धाकलीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चुकून कोणाच्या तरी मांडीवर बसले आहे. मी ध, क, ल लिहिलं. तिने तळहाताने पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मग पाटी छातीशी धरून बसली. उठले तर माझा परकर मागून ओला. छत गळत नाही त्या बाजूला, मी पाहिलं.

आता पाटीचं. वर्गात सगळ्यांच्या प्लास्टिकच्या आहेत. तिची दगडी आहे. मी समजले, कोणा म्हाताऱ्याकडची असेल. पोरं म्हणाली, 'बाई, तिला ती ओढ्यात गावली, जूनमध्ये, खेकडे धरताना.' चौकट निम्मी कुजलेली, पण भोक आहे. उजवा कोपरा फुटका आहे.

जुन्या पाट्यांचे कोपरे फुटतातच म्हणा.

तिची आजी कोंडी भेटायला आली होती. चांगली बोलकी बाई आहे, साठीच्या पुढची. म्हणाली, 'माझी थोरली बहीण पण याच शाळंत व्हती. पोशी. पाण्यानं नेली म्हणतात. मी रांगत व्हते, मला काय ठावं नाय.' तुझी पोशी तर साखरशेतला गेली ना? ही दुसरी कोणी असेल. पौषात जन्मलेल्या सगळ्याच मुली इथे पोशी.

कोंडीला लिहिता-वाचता येत नाही, तेव्हा धाकलीला घरून कोणी शिकवत असेल असंही नाही. पोरं म्हणतात, ती ओढ्यावर बसून कोणाशी तरी बोलते. ती शेळ्यांशीही बोलते, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

मागच्या आठवड्यापासून तिने नवीन ओळ काढली आहे. मी कागद दिला त्यावर तिने उतरवून दिली, तीच सोबत पाठवते. तुला दिसायला त्रास झाला तर सांगते: काना, वेलांटी. मग पुन्हा काना, वेलांटी. मग ते नेहमीचं काना, मोकळी जागा, वेलांटी. शेवटी काना, त्यावर टिंब, आणि एक मोकळी जागा. मी लावलं: 'आजी', 'काकी', 'धाकली'... पुढे अडते. तू सांग.

दोन महिने राहिले.

तुझी
अवंती


जव्हार,
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

चि. अवंती,

हे पत्र नाजिशला दाखवलेलं नाही. तपासायला आली होती, तिला पोहे देऊन परत पाठवलं.

कागद मी वाचला. वाचायला वेळ लागला नाही. तू जिथे धाकली वाचतेस तिथे धाकली नाही. काना, मोकळं, वेलांटी. 'आणली' असं आहे ते. अ-ला काना म्हणजे आ, ण मोकळा, ल-ला वेलांटी. त्याच्या आधी काना, वेलांटी: 'पाटी'. त्याच्या आधी पुन्हा काना, वेलांटी, तिथे आजी नाही. तिथे 'माघी' आहे. शेवटचं टिंबवालं 'थांब'.

माघी, पाटी आणली. थांब.

माघी कोण ते तुला ठाऊक नाही. तुझ्या बाबांना नाही, आजोबांनाही नव्हतं. माझं माहेरचं नाव सुमन. पण मी माघातली, म्हणून पोशी मला माघी म्हणायची. म्हणायची, पौष आधी, माघ नंतर, मी पुढं चालणार, तू माझ्यामागून यायचं. त्या एका तोंडाशिवाय ते नाव मी कुठेच ऐकलेलं नाही.

तेव्हाही असेच भाद्रपदातले दिवस होते. पाऊस वाढला म्हणून गुरुजींनी शाळा लवकर सोडली. ओढ्याच्या दगडांपर्यंत आलो तर पोशी म्हणाली, 'माघी, पाटी ऱ्हायली. आणते. तू थांब.' मी हो म्हटलं. ती पळत गेली. मला भूक लागली होती. घरी नाचणीच्या भाकऱ्या चालल्या होत्या, वास आल्यासारखं वाटत होतं. पाणी दगडांवर चढायला लागलं. मी थांबले नाही. पार झाले आणि घरी येऊन भाकरी खाल्ली. दोन खाल्ल्या.

संध्याकाळी तिची आई विचारायला आली. खरं सांगितलं असतं तर विचारलं असतं, तू का नाही थांबलीस. म्हणून म्हटलं, पोशी मामाकडे गेली, साखरशेतला. लोकांना खरं वाटलं, ती जायची तशी. दोन दिवस कोणी ओढ्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी मामाच आला, त्याच्याकडे ती नव्हती. मग शोधलं. काही मिळालं नाही. पाटीसुद्धा नाही.

हे लिहून मला रडू यायला हवं. तसं होत नाही, तूच सांग का. कागद हातात घेतल्यापासून आत गुदगुल्या होतात. साठ वर्षं मी धरून चालले की ती परत आलीच नाही. ती पाटी घेऊन आली होती की. मीच नव्हते तिथे.

अवंती, म तथ यऊन कडल सगयल हव.

तुझी आजी


भोकरपाडा,
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

आजी,

पत्र चार वेळा वाचलं. मी कोणाला बोललेले नाही. तू सात वर्षांची होतीस. एवढंच सांगते, बाकी भेटल्यावर.

तुझ्या शेवटच्या ओळीत काना-मात्रा नाहीत. 'मी तिथे येऊन कोंडीला सांगायला हवं' असं मी लावलं. घाईत राहिलं असेल. डोळे तपासून घे.

तू येऊ नकोस. फाट्यापासून पाड्यापर्यंतचा रस्ता वाहून गेला आहे, तासभर चालावं लागतं. पाच ऑक्टोबरला संध्याकाळी मीच घरी येते. सहापासून पाच दिवस आमचं प्रशिक्षण जव्हारला आहे. रात्री तुझ्या कुशीत झोपेन आणि नीट बोलू.

धाकली अजून तीच ओळ लिहिते. आता पाटी भरते, दोन्ही बाजूंनी. कमलेश परवा शाळेत आला, दाराशी उभा राहून पाहिलं, म्हणाला, 'बाई, हे लिवणं हाय का कोंबडीचं पाय? मुकादमाची गाडी दिवाळीच्या पाडव्याला येणार. मी काय थांबायचा नाय.'

'थांबायचा' या शब्दाला धाकलीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच.

तुझी
अवंती


(चिठ्ठी. इदरीसने आणून दिली. तारीख ७ ऑक्टोबर.)

अवत,
म पहचल. कड भटल. धकल हसत. कळज नक.
पश, म थबल.


जव्हार,
बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५

आजी,

हे काय केलंस? मी रविवारी संध्याकाळी आले तर दाराला कुलूप, आणि नाजिश किल्ली घेऊन पायरीवर बसलेली. म्हणे, 'आजी अब्बूच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून गेल्या, नवीन लुगडं नेसून, लाडवांचा डबा घेऊन.' फाट्यापासून तुला कोणी नेलं? गुडघे कसे आहेत? माझ्या खोलीची किल्ली सरांकडे आहे, अंथरूण कोरडं आहे.

तुझी चिठ्ठी आली. त्यात एकही काना, एकही मात्रा नाही. मी लावून वाचली: अवंती, मी पोहोचले. कोंडी भेटली. धाकली हसते. काळजी नको. नाजिश शपथेवर सांगते की जाण्याआधी तू तिच्यासमोर अर्धं पान लिहिलंस, सगळं जागच्या जागी होतं. आजी, असं अचानक लिहिणं बिघडणं चांगलं नसतं. बोलताना शब्द अडकतात का? एक हात जड वाटतो का? मला खरं सांग, बाबा गाडी करून यायला तयार आहेत.

शेवटची ओळ लागत नाही. '...पाशी, मी थांबले.' कोणापाशी थांबलीस? कोंडीपाशी? नाव राहिलंय.

इदरीसचाचा निघालेत म्हणून एवढंच. शनिवारी येतेच.

अवंती


भोकरपाडा,
शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

चि. अवंतीस पोटभर, कोठारभर आशीर्वाद.

हात हलका आहे, तोंड तर तुला ठाऊकच आहे. हे पत्र तुला पुरतं वाचता येईल. अक्षरं मी मांडते आणि उजवीकडे बसून धाकली घालते. 'कोठारभर'ला काना विसरली होती, मी टोकलं तेव्हा कोंडीने तिला सुपातले चार दाणे मारले. तू उद्या येशीलच, पण तोंडाने सांगताना मी मधलं गाळीन, म्हणून लिहिते.

फाट्यापासून मी एकटीच चालले. सगळे म्हणाले एक तास, मला दीड लागला. ओढ्यावर आता फरशीचा पूल आहे, तरी दगड तिथेच आहेत, फरशीच्या अंगाला. मी बसले जराशी. लाडू खाल्ला. एक पाण्यात टाकला.

कोंडीला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं, भाकरीचं ताट पुढे यायच्या आधी. सगळं सांगितलं, दोन भाकऱ्यांसकट. ती नाचणी पाखडत होती, ती पाखडतच राहिली. सूप संपल्यावर म्हणाली, 'आई मरेस्तोवर साखरशेतच्या वाटेकडं तोंड करून बसायची. म्हंजी ती बाजूच चुकली.' मग म्हणाली, 'जेव.' रात्रभर कूस बदलत होती. सकाळी तिने अंगणातलं आईचं बसायचं लाकूड उचललं आणि ओढ्याकडे तोंड करून ठेवलं. माझ्याशी ती बोलते, पण थोडं थांबून बोलते. असू दे.

मंगळवारी शाळेत गेले. सर चांगले आहेत, मला खुर्ची देत होते. म्हटलं, मी दुसरीतली आहे. धाकलीच्या डाव्या हाताला बसले. जागा गार होती, ओली नव्हती. ती माझ्याकडे बघून हसली, तिचेही समोरचे दोन पडलेत. तेव्हाच तुला चिठ्ठी लिहिली. मी सगळ्या काना-मात्रा घालून लिहिली होती गं. वाटेत गेल्या असतील. पोशीने नेल्या तर नेल्या, तिच्याच होत्या त्या. मला उसन्या मिळाल्या होत्या.

आता ऐक. काल दुपारी कमलेश आला. सरांनी धाकलीला उभं केलं. मदत करायची नव्हती, म्हणून मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. तिने पाटी घेतली, मागची बाजू वर केली, ती ओळ पुसली. एवढे महिने लिहिलेली ओळ, फडक्याच्या एका फटक्यात. मग लिहिलं. ध काढला, क काढला, ल काढला. काना घातला, वेलांटी घातली. तिचा ल बघून मी हरखले, खाली उलटा वळवलेला. तसा ल माझा असतो, जव्हारच्या वर्गातल्या बाई मला त्यावरून ओरडायच्या. तिने तो कुठे पाहिला विचारू नकोस.

मग तिने वाचलं. मोठ्याने, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं. 'धाकली. हाजर.' हजेरीतला शब्दही जोडून टाकला. पोरांनी टाळ्या पिटल्या.

कमलेशने पाटी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. मग मला म्हणाला, 'म्हातारे, तू शेजारी हाय म्हणून बसती ही. तू गेली की पुन्ना मुकी. तू राहनार का हितं?'

म्हटलं, राहणार.

'भट्टी सुटंपर्यंत?'

म्हटलं, हिची चौथी होईपर्यंत. मला दुसरीच पुरी करायची आहे अजून. तो हसला नाही, पण पाडव्याच्या गाडीत धाकलीचं बोचकं जाणार नाही. सरांसमोर कबूल केलंय.

म्हणजे मी इथे राहिले हे तुझ्या बाबांना तूच सांग, सावकाश सांग. माझी औषधं, दोन लुगडी आणि तो उत्तीर्णचा कागद घेऊन ये.

आणि ते 'पाशी' नाही गं. एवढी शिकलेली बाई तू, एका मात्रेने चुकलीस. 'पोशी' आहे ते. पोशी, मी थांबले. तिला सांगितलं.

आज सकाळपासून धाकली उजव्या हातालाही जागा सोडून बसते. कोणी तिकडे गेलं तर अडवत नाही, नुसती थोडी माझ्याकडे सरकते, माणसाला माणूस जागा देतं तशी. आम्ही तिघी मावतो.

इदरीसने निरोप पाठवलाय, चारला फाट्यावर येतो. सही राहिली. विद्युल्लता आता लिहवत नाही, आणि इथे ते नाव कोणाला माहीतही नाही. म्हणून दोनच अक्षरं काढली, म आणि घ. म्हटलं, धाकली येईल आणि बाकीचं घालेल. ती पाणी प्यायला गेली आहे, मला इथून हंड्यापाशी दिसते आहे.

आणि बघते तर काना आहे. वेलांटी आहे. बोट लावून पाहिलं, शाई नाही, पाणी आहे. फार सुंदर काढल्यात. वाटेत वाळल्या तर तू घाल.

तुझी
मघ